रिकामेकाका आणि समोरची खिडकी

विकायला काढलेल्या रिकाम्या घरांचे व्हिडिओ काढणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे एजंट त्यांना रिकामेकाका म्हणायचे. एका एजंटाने त्यांचा नंबर फोनमध्ये 'रिकामे फ्लॅट' म्हणून साठवला होता, तिथून सुरुवात झाली आणि ते नाव त्यांना कायमचं चिकटलं. बायको म्हणायची, "जन्मभर घाण्याला जुंपलेला माणूस, आणि नाव काय, तर रिकामे!"

त्याआधी त्यांचा स्टुडिओ होता. स्टुलावर माणूस बसवायचा, हनुवटी जरा खाली करायला सांगायचं, डोळे मिटू नका म्हणून दटावायचं आणि बटण दाबायचं. पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि काकांनी स्टुडिओ गुंडाळला. माणसं गेली, भिंती आल्या. "भिंती बऱ्या," ते म्हणायचे. "डोळे मिटत नाहीत, आणि जाड दिसतो म्हणून भांडायलाही येत नाहीत." पण माणसांची सवय काही अंगातून जात नव्हती. रिकाम्या घराचं कुलूप काढलं की ते उंबऱ्याशी थांबायचे आणि आत बघून विचारायचे, "येऊ का?" मग पळभर थांबून पाऊल टाकायचे. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि तिने त्यावरून त्यांची भरपूर टिंगल केली होती.

त्यांच्या व्हिडिओत एकच खोट होती. खोली छान दिसायची, फरशी चकचकीत दिसायची, पण खिडक्या पांढऱ्याफटक. जणू घराबाहेर जगच नाही. काकांनी त्याची कधी फिकीर केली नव्हती. एक दिवस एजंट म्हणाला, "काका, आता ऑफिसात मोठा टीव्ही लावलाय, एचडीआरचा. लोकांना बाहेरचा देखावा दिसला पाहिजे. हे खिडकीला चुना फासलेलं आता चालायचं नाही."

काकांचा कॅमेरा हे सगळं टिपत होताच. भर उन्हाचा लखलखाट आणि कोपऱ्यातला अंधार, दोन्ही एकाच चित्रात. पण घरचा जुना स्क्रीन ते दाखवू शकत नव्हता. उजेड एका हद्दीपलीकडे गेला की तो सरळ पांढरा रंग ओतून मोकळा व्हायचा. म्हणून नवा मॉनिटर आला. खोक्यावर एचडीआर असं ठळक छापलेलं होतं. काकांनी तो लॅपटॉपला जोडला आणि सेटिंग उघडलं, तर तिथे एचडीआरचं बटणच नाही.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "बंद करून चालू करा." काकांनी बंद करून चालू केला. काही झालं नाही. मग मॉनिटरच्या खालच्या कडेला बोटं चाचपत त्याचा स्वतःचा मेनू सापडला. तिथे एचडीआर मुळातच बंद ठेवलेलं होतं. ते चालू केलं तसं लॅपटॉपमध्ये बटण उगवलं. काकांनी हर्षाने दाबलं, आणि सगळा पडदा राखेसारखा झाला. काळ्याचा करडा, लालाचा विटका, आणि मधूनच चित्र थरथरायचं.

बायको चहा घेऊन आली. "हा नवा ना? मग असा दुखण्यातून उठल्यासारखा का दिसतोय?"

"तुला काय वाटतं, मी मुद्दाम केलाय?"

"मी काही म्हटलं का? चहा घ्या."

दोन-चार दुपारी अशाच गेल्या. खोलीचे पडदे ओढून काका त्या राखेसमोर बसायचे. शेवटी कळलं, घोडं अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी. लॅपटॉप आणि मॉनिटरच्या मध्ये एक छोटी डबी होती, एका तोंडातून पाच तारा काढणारी. जुनी होती, तिला एवढा उजेड पेलत नव्हता. काकांनी डबी काढली, मॉनिटरच्या खोक्यातली जाड केबल ड्रॉवरमधून शोधली आणि थेट जोडली. मग सेटिंगमधली पट्टी सरकवून पडद्याचा नेहमीच्या कामापुरता उजेड ठीक केला, आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरलाही सांगितलं, की बाबा रे, आता तूही एचडीआरच दाखव. पडदा एकदा पूर्ण काळा झाला. इतका काळा, की त्यात काकांना स्वतःचा चेहरा दिसला. आणि मग चित्र उघडलं.

समोर होता एक चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. मालकीण एकटी बाई, घर रंगवून विकायला काढलेलं. तिथे काकांना पुन्हा पुन्हा जावं लागलं होतं. एकदा रंगाऱ्याची शिडी मध्येच, एकदा सामान हलवायचं राहिलेलं, मग शेवटचं मोकळं घर. आता त्या हॉलच्या भिंतीवरचं ऊन असं पेटलं, की काकांनी डोळ्यांवर हात धरला. आणि खिडकी पांढरी राहिली नव्हती. तिच्यात समोरची इमारत उभी होती. गंजके पाइप, उखडलेला गिलावा, उघड्या पडलेल्या खिडक्या. त्यांतल्या एका खिडकीत एक म्हातारी बाई उभी होती. एक हात चौकटीवर, मान किंचित पुढे.

असेल कोणी, असं म्हणून काकांनी पुढची क्लिप लावली. स्वयंपाकघर. त्या खिडकीतून समोरची दुसरी खिडकी दिसत होती, आणि बाई तिथे होती. बेडरूमची क्लिप लावली. बाई तिसऱ्या खिडकीत. तसाच हात, तशीच मान. त्यांनी आधीच्या फेरीची चित्रं काढली, शिडीवाली. त्यातही तेच. काका या खोलीतून त्या खोलीत गेले, की पलीकडे ती बाईही खिडकी बदलत होती.

त्यांनी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, वाकून बघत राहिली. तिची थट्टा कुठल्या कुठे पळाली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही घराकडे बघत नाहीये. तुमच्याकडे बघतेय."

त्यानंतर काकांचं लक्ष कामातून उडालं. जेवताना, दाढी करताना, ती बाई डोळ्यांपुढे. इतक्या दिवसांत त्या घरात आपण शिट्टी वाजवली, भिंतीला टेकून डबा खाल्ला, आणि हे सगळं कोणीतरी बघत होतं. त्यांनी एजंटाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "समोरच्या इमारतीत कोण राहतं?"

"कोणी नाही. ती पाडायला काढलीय. वीजसुद्धा अर्धी तोडलीय. का?"

"काही नाही. आणि आपल्या फ्लॅटच्या मालकीणबाई?"

"सह्या करून गेल्या. कुठे राहता विचारलं, तर म्हणाल्या, जवळच."

काका दुसऱ्या दुपारी त्या इमारतीत गेले. बायकोने "एकटे जाऊ नका" म्हणून बजावलं होतं, म्हणून तिला न सांगताच गेले. लिफ्ट बंद. जिन्यावर चुन्याचा भुगा. दारांवरच्या पाट्या काढून नेलेल्या, त्यांच्या जागी फिकट चौकोन उरलेले. चौथ्या मजल्यावर मात्र एका दारापुढे पायपुसणं होतं, नीट झटकलेलं. काकांनी हात उचलला, पण कडी वाजवायच्या आतच दार उघडलं.

"आलात?" म्हातारी म्हणाली. "तिथून उंच वाटत होतात."

ती बाजूला झाली. आत एक घडीची खाट, एक शेगडी, आणि खिडकीशी खुर्ची. खिडकीतून तो फ्लॅट समोर दिसत होता, हात लांबवला तर लागेल असा.

"मावशी," काका कसेबसे म्हणाले, "ते घर तुमचंच ना?"

"माझंच. म्हणजे, ह्यांचं."

मग तिने सांगितलं. तिचा नवरा फार मोजकं बोलणारा माणूस. जेवण झालं की घरातल्या खिडक्या उघडायचा, आधी हॉलची, मग स्वयंपाकघराची, मग आतल्या खोलीची. एका दुपारी हॉलची उघडली आणि तिथेच खाली बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर तिला त्या घरात राहवेना. जेवण झालं की कान खिडकीच्या कडीकडे लागायचे. घर विकायचं ठरवलं, पण लांबही जाववेना. म्हणून पाडायच्या इमारतीत ही जागा घेतली. कुणी हाकलेपर्यंत तरी समोरून बघत राहायचं.

"आणि एका दुपारी," ती म्हणाली, "हॉलची खिडकी उघडली. मग स्वयंपाकघराची. मग आतली. त्याच क्रमाने. आत एक माणूस, डोळ्याशी हात नेणारा. हेसुद्धा असाच चष्मा सारखा करायचे."

खिडक्या त्या क्रमाने उघडण्यात त्यांचा काही हेतू नव्हता. ऊन त्या बाजूने सरकायचं, एवढंच.

"मावशी, तो मी होतो. कॅमेरा लावत होतो."

"कळत नव्हतं का मला? मी काही खुळी नाही. कामाचा माणूस असणार, हे पहिल्याच दिवशी कळलं. पण कळतं आणि वळत नाही, त्याला काय करू? पाय आपोआप या खिडकीतून त्या खिडकीत जायचे." तिने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्हाला आत काही जाणवलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. काकांनी खरंच सांगितलं. "मी दारात विचारतो, येऊ का म्हणून. सवय आहे."

"मग?"

"मग काय, मावशी. कोण बोलणार?"

"ते बोलायचेच नाहीत," ती म्हणाली. "नुसती मान हलवायचे. तुम्ही नीट बघितलं नसेल."

काकांना हसावं की पळावं कळेना. जिना उतरताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी एकटं गेल्याबद्दल त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आणि मग म्हणाली, "त्यांना इथे बोलवा. स्वतःचं घर एकदा नीट बघू द्या की त्यांना."

मावशी आल्या. बायकोने त्यांना मॉनिटरसमोर बसवलं, पडदे ओढले. काकांनी हॉलची क्लिप लावली. भिंतीवर ऊन पेटलं तशी मावशींच्या तोंडावर त्याचा उजेड पडला, खरोखर कुणी खिडकी उघडावी तसा. त्या पुढे वाकल्या. कोपरे बघत होत्या, दारामागची जागा, हॉलमधली ती फरशी. काय शोधत होत्या, ते तिघांनाही माहीत होतं. तिथे कोणी नव्हतं. मग त्यांची नजर चित्रातल्या खिडकीबाहेर गेली.

"ही कोण हो?"

काकांनी चित्र तिथेच थांबवलं.

"कोण बिचारी अशी उभी..." म्हणता म्हणता त्या थांबल्या. हात नकळत तोंडाशी गेला. "अगं बाई. मी ना ती?"

बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मावशी बराच वेळ त्या चिमुकल्या बाईकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढून टाका मला तिथून. घर विकायचंय. भूत बघून कोण घेईल?" त्या हसल्या.

काकांनी ते काम केलं. चित्रामागून चित्र, प्रत्येक खिडकीतून त्यांनी मावशींना पुसलं आणि त्या जागी शेजारच्या भिंतीचा गिलावा भरला. नव्या मॉनिटरवर कणन् कण दिसत होता, त्यामुळे चुकून एखादं बोट मागे राहिलं, तर तेही दिसायचं. चौकटीवर नुसतीच चार बोटं. ती पुसताना काकांचा हात माउसवर जड व्हायचा. शेवटची खिडकी रिकामी झाली, तेव्हा ते उठून बायकोजवळ जाऊन बसले.

व्हिडिओ एजंटाला पसंत पडला. "आता कसं, जग दिसतंय!" तो म्हणाला. फ्लॅट गेला. नव्या लोकांनी सगळीकडे एसी लावले आणि खिडक्या बंदच ठेवल्या. समोरची इमारत पाडली. मावशी त्याआधीच दूरच्या गावी बहिणीकडे राहायला गेल्या होत्या.

तिथून त्यांचा फोन येऊ लागला, नेहमी दुपारचा, जेवणानंतरचा. आज कुठलं घर काढलं, खिडक्या किती, ऊन कुठून येतं, हे त्या बारकाईने विचारायच्या. बायको म्हणायची, "ही तुमची नवी एजंट." आणि फोन ठेवताना मावशी हमखास विचारायच्या, "समोर कोणी होतं का?"

काका सांगायचे, "नाही मावशी. कोणी नव्हतं." आणि ते पक्कं माहीत असायचं, कारण आता प्रत्येक क्लिप ते आधी खिडकीपासूनच बघायचे.

मग एकदा मावशींच्या बहिणीने फोन करून सांगितलं, की त्या आता अंथरुणावरच असतात, पण दुपारी फोनची वाट बघतात. त्या दिवशी काकांनी एका कोपऱ्यातल्या फ्लॅटचं काम केलं होतं. समोरच्या खिडकीत एक टॉवेल वाळत होता, वाऱ्याने हलत होता. त्यांनी तो मोठा करून तीनतीनदा पाहिला होता. टॉवेलच होता.

या वेळी फोन काकांनीच लावला. मावशींचा आवाज अगदी खोल गेला होता. "समोर कोणी होतं का हो?"

"होतं," काका म्हणाले. "एक बाई होत्या. त्यांनी हात केला."

मावशींनी विचारलं,

"तुम्हीही केलात ना?"

"केला, मावशी," काका म्हणाले.