न तुटणारी कांडी

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या आमच्या कारखान्यात हाडांचं सिमेंट बनायचं. खुब्याचा कृत्रिम सांधा डॉक्टर ज्याने हाडात पक्का बसवतात, ते. पावडर आणि उग्र वासाचं द्रव कालवायचं, कणकेसारखा गोळा झाला की साच्यात भरायचा. तयार कांडी मशीनमध्ये अडकवली की मशीन तिला तुटेपर्यंत वाकवत राही. कांडीला चिकटवलेला सेन्सर आत पडणाऱ्या बारीकशा भेगेचाही आवाज टिपायचा. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. पडद्यावर रेघ उसळली की भेग पडली समजायचं.

चाचणीच्या खोलीला खिडकी नव्हती. आवाज नको म्हणून पंखा बंद, मध्येच कुणी घुसू नये म्हणून चाचणी घेणाऱ्याला आत ठेवून दाराला बाहेरून कडी. सेन्सरला पंख्याशी काही देणंघेणं नसावं असं मला आजही वाटतं, पण मालकांपुढे बोलणार कोण?

नव्वदच्या दशकात एकदा धुळ्याच्या कॉलेजातून नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. सिल्वासातल्या एका खोलीच्या संसाराला बायको विटली होती, मी तर त्याहून जास्त. दुपारची बस धरून वापी गाठायची, तिथून गाडीने धुळ्याजवळच्या आमच्या गावाकडे, आणि दुसऱ्या सकाळी मुलाखत. मालकांच्या कानावर मी यातलं काहीच घातलं नव्हतं. घातलं असतं तर हातची नोकरी आधी गेली असती. कांडी जेवणाच्या सुट्टीआधी मोडतेच, या भरवशावर मी सकाळी चाचणी लावली.

ही कांडी मीच कालवली होती. कालवणातली हवा ओढून घ्यायचा नवा पंप आला होता, आणि एक बुडबुडा राहू नये म्हणून मी जीव ओतला होता. तिच्यात भेग पडेचना. रेघ सरळच्या सरळ. घामाने सदरा अंगाला चिकटला. कुणातरी म्हातारीच्या खुब्यात बसणारं सिमेंट मोडावं म्हणून मी देवाला विनवत होतो, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. दार ठोकावं, तर चाचणी वाया जाणार आणि कारण सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बसची वेळ टळली तेव्हा मला त्या कांडीचा भयंकर राग आला.

संध्याकाळी मालकांनी स्वतः कडी काढली. मशीन अजून चालूच होतं. सरळ रेघ बघून त्यांचा चेहरा फुलला. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते आमच्या सुपरवायझरला म्हणाले, "असा माल बनवणारा माणूस हवे क्यांय जवानो नथी." म्हणजे, आता हा कुठे जायचा नाही.

पगार वाढवतो म्हणाले. मी हात जोडून हसलो.

घरी बायकोला आधी पगाराचं सांगितलं.  तिने पलंगाखालची बॅग ओढून माझा इस्त्रीचा शर्ट काढला आणि पुन्हा खुंटीला लावला.

"उद्या हाच घाला कामावर," ती म्हणाली.