गॅलरीतली ब्रेक ऑइलची बाटली

त्या आठवड्यात माझा उजवा पाय एका जागी राहतच नव्हता. भाजी निवडायला बसले तरी पाय फरशीवर दाबून बघायचा. टीव्हीसमोर बसले तरी तेच. शेवटी हे म्हणाले, "अगं, पायाला काय झालंय तुझ्या? शिलाई मशीन चालवतेस का?" मी खाली मान घालून भाजी निवडत राहिले. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि घरात घट बसलेले.

झालं होतं असं. लेकीला आंबिवलीला भेटून ठाण्याला परत येत होते. शहाडच्या पुलाच्या उतारावर पुढचा टेम्पो थांबला, मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. थांबली, पण पाय नेहमीपेक्षा खाली गेला. जिथे कडक लागायचं तिथे मऊ लागलं, चिखलात पाय रुतावा तसं. पुन्हा दाबला तर ठीक. घरी येईपर्यंत मी कितीदा तरी उगाच ब्रेक दाबून बघितला. मागचे हॉर्न मारत होते, मारू दे म्हटलं.

मला गाडीतलं फार कळतं अशातला भाग नाही. स्टिअरिंग हातात घेतलं तेच छप्पन्नाव्या वर्षी. ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी ह्यांनी चावी माझ्या हातात दिली नाही. देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. दोन दिवसांनी मी ती तिथून काढून घेतली. त्याला आता सात वर्षं झाली, पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही. चालवणं माझ्याकडे आलं आणि बाकीची सगळी गाडी ह्यांच्याकडे राहिली. चहा झाला की फडकं घेऊन खाली. टायरची हवा, काचेचं पाणी, पावत्यांची फाईल, सगळं तेच बघणार. सोसायटीतले म्हणायचे, काकांची गाडी कालच शोरूममधून काढल्यासारखी दिसते. दिसायचीच. वर्षाला तीन हजार किलोमीटर तरी चालत होती की नाही, देव जाणे.

घोळ तिथेच होता. दीड महिन्यापूर्वी आम्ही गाडी मोठ्या वर्कशॉपला सर्व्हिसिंगला दिली होती. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने छापील कागद समोर ठेवला, चौदा ओळींचा. इंजिन ऑइल, फिल्टर, इथवर ठीक. पुढे एसीची धुलाई, इंजिनची आतून सफाई, खालून कसलासा थर, वरून कसलंसं पॉलिश. बेरीज बारा हजारांच्या वर. ह्यांनी खिशातून लाल पेन काढलं. "हा लग्नाचा मेन्यू आहे का रे? वाढाल ते सगळं खायचं?" आणि एकेका ओळीवर काट मारत गेले. तो मुलगा हसत होता, कारण बरीचशी कामं गरजेची नव्हतीच, हे त्यालाही माहीत असावं. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. अकरावी ओळ होती ब्रेक ऑइल बदलणे.

"हे तर घरी आहे माझ्याकडे," हे म्हणाले. "अर्धी बाटली आहे. आणि गाडी चालतेच कुठे, ऑइल बदलायला?"

बिल पाच हजारांच्या आत आलं. घरी येताना हे असे बसले होते, जसं काही जमिनीची केस जिंकून आलेत. मीही खूश झाले होते, खोटं कशाला बोलू.

ती बाटली गॅलरीत कुंड्यांमागच्या फळीवर असायची. चार वर्षांपूर्वी आणलेली. ब्रेकच्या टाकीतलं ऑइल जरा खाली गेलं की हे त्यातलं थोडं ओतायचे, झाकण लावायचे, फडक्याने पुसून परत फळीवर. आमच्याकडे उरलेलं टाकायची रीत नाही. आमची दोघांचीही घरं मिठागरावर राबलेली; जमीन बिल्डरला दिली, दोन फ्लॅट आले, तरी हात अजून मिठागरावरचाच आहे.

उतारावरच्या त्या प्रसंगानंतर, हे खाली गाडी पुसत असताना मी माजिवड्याच्या मेकॅनिकला फोन लावला. आमच्या गावकीतलाच आहे तो, लहानपणापासून बघितलेला.

"काकी, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?"

"बदललं असं नाही रे. हे घालतात अधूनमधून."

"घालणं वेगळं आणि बदलणं वेगळं. दोन वर्षांनी सगळं काढून नवीन भरायचं."

"पण गाडी उभीच असते आमची."

"मग उभ्या उभ्या खराब होतं. किलोमीटरचा काय संबंध? ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी शिरलं की उतारावर ब्रेक तापल्यावर आत वाफ होते. वाफ काय, दाबली की दबते. तुमचा पाय खाली जातो आणि ब्रेक लागतच नाही."

दुसऱ्या कोणाला हे समजावायला वेळ लागला असता. मला लगेच समजलं. माझं लहानपण मिठाच्या राशींशेजारी गेलं. हवेत जरा दमटपणा आला की गोणी खालून ओली व्हायची, वरून एक थेंब पडलेला नसताना. आई म्हणायची, मीठ बसल्या जागी पाणी पितं.

समजलं आणि बेचैनी दुप्पट झाली. कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीला आणायचं ठरलं होतं. पहिलं बाळंतपण, माहेरी व्हायचं. तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, घट उठू द्या, मग न्या. आंबिवलीहून ठाणे म्हणजे शहाडचा पूल, दुर्गाडीची गर्दी, मग भिवंडीकडचे ट्रक. आणि गाडीत नववा महिना लागलेली पोर. माझा पाय फरशी दाबत बसायचा तो ह्यापायी.

ह्यांना सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. ऑइल खराब झालंय म्हणायचं म्हणजे, तुम्ही चार वर्षं जे ओतलंत ते चुकलं म्हणायचं. चावी गेलीच होती. आता हेही काढून घ्यायचं का? तीन दिवस मी तोंडापर्यंत आलेलं गिळत होते.

दसऱ्याला दोन दिवस उरले तेव्हा पोहे परतता परतता म्हटलं, "गाडी जरा माजिवड्याला दाखवू या. पोरीला आणायचंय."

"आत्ताच तर सर्व्हिसिंग झालं."

"ब्रेक मऊ लागतोय."

"तुझा पाय मऊ आहे."

"असू दे. पण दाखवू."

ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ऑइलच घालायचं असेल तर बाटली घेतो बरोबर. त्याचे पैसे कशाला द्यायचे?" आणि खरंच पिशवीत बाटली घालून, ती मांडीवर धरून गाडीत बसले.

गॅरेजबाहेर रांग. रिक्षा, टेम्पो, सगळ्यांना दसऱ्याआधी गाडी धुऊन चकाचक पाहिजे. मेकॅनिक हात पुसत आला. "बघा काकी, हार घालायला सगळे तयार, लिंबू चाकाखाली ठेवायला सगळे तयार. पण आतलं ऑइल कोणी विचारतंय का?"

त्याच्याकडे एक पेनासारखं यंत्र आहे. ते ऑइलमध्ये बुडवायचं. हिरवा दिवा लागला तर चांगलं, लाल लागला तर पाणी शिरलंय. आमच्या गाडीच्या टाकीत बुडवलं तर लाल. ऑइलचा रंगही काळ्या चहासारखा.

"तुझं पेन बिघडलं असेल," हे म्हणाले. "ह्याच्यात घाल बघू," आणि बाटली पुढे केली.

त्याने घातलं. लाल. मग नवीन डबा आमच्यासमोर फोडला, त्यात घातलं. हिरवा.

ह्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मेकॅनिक बिचारा हातातल्या पान्याकडे बघायला लागला. मला जे तीन दिवस सुचत नव्हतं ते तेव्हा आपसूक तोंडातून आलं. "मिठासारखंच आहे हो ते. झाकण उघडलं की पाणी धरतं."

ह्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "माझे बाबा मिठाची रास गवताने शाकारल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत." एवढंच. आणि स्वतः उठून ती बाटली जळक्या ऑइलच्या पिंपाशेजारी ठेवून आले.

मेकॅनिकने गाडी चारी बाजूंनी वर उचलली, चाकं काढली. म्हणाला, "आज माझ्या हाताखाली कोणी नाही. मी चाकाशी बसतो, कोणीतरी आत बसून ब्रेक दाबायला लागेल." माझा हात दरवाज्याकडे गेला होता.

"तू थांब," हे म्हणाले. स्टूल ओढलं, त्यावर चढून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. माझी सीट पुढे असते, ती खाडकन मागे सरकवली.

"दाबा काका."

"दाबला."

"धरून ठेवा."

"धरलाय."

"सोडा. परत दाबा."

मागच्या डाव्या चाकापासून नळीतून काळं ऑइल निघायला लागलं, हळूहळू ते मधासारखं झालं. दुसरं चाक झालं आणि माझा फोन वाजला. लेकीचा.

"आई, घाबरू नकोस हं."

असं म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? तिचे पाय सुजले होते, बीपी थोडं वाढलं होतं. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दसऱ्यापर्यंत थांबू नका, आजच या. जावई कामावर अडकलेले. दोन टॅक्सीवाल्यांनी आंबिवली ऐकून नकार दिलेला. सासूबाई म्हणत होत्या, देवीला मी सांगते, तू जा.

मी मेकॅनिकला म्हटलं, "दोन चाकं झाली ना? बाकीची परवा करू. चाकं लाव, मला निघायचंय." ज्या बाईने आठवडाभर पाय आपटला तीच हे बोलली.

आतून आवाज आला, "चारही होऊ दे."

"अहो, ती वाट बघतेय."

"बघू दे अर्धा तास. अर्धवट ब्रेकवर आणणार आहेस का तिला? सांग, बाबा ब्रेक दाबतोय, झालं की निघतो."

मी तसंच सांगितलं. पलीकडे लेक हसली. "बाबा पुढे बसलेत? गाडी चालवायला?"

"गाडीला चाकं नाहीत अगं. कुठे जाणार?"

तो अर्धा तास मी टायरच्या ढिगापासून नळापर्यंत आणि नळापासून ढिगापर्यंत चालत होते. दोनदा पाणी प्याले. दाबा, दाबला, धरा, धरलाय. ह्यांचा आवाज एकदाही चुकला नाही. अखेर मेकॅनिक म्हणाला, "काका, आता कसा लागतो?" हे म्हणाले, "भिंतीसारखा."

ऑइल आणि मजुरी मिळून नऊशे ऐंशी झाले. ह्यांनी हजार दिले आणि सुटे मागितले नाहीत, लाल पेन तर काढलंच नाही. गाडी खाली आल्यावर ह्यांनी वाकून सीट माझ्या मापाला पुढे सरकवली आणि पलीकडे जाऊन बसले.

शहाडच्या पुलाच्या उतारावर पुढे रिक्षा आडवी आली. मी दाबला. पाय जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. बाजूला बघते तर ह्यांचा उजवा पायही पायपोसावर दाबलेला.

"लागला?"

"लागला."

लेक दारातच बॅग घेऊन उभी होती. तिला मागे आडवी केली, उशी दिली, सासूबाईंनी ओटीत नारळ घातला. परतीला हे बराच वेळ बाहेर बघत होते. दुर्गाडीपाशी म्हणाले, "पुन्हा दोन वर्षांनी ना?"

"हो, म्हणाला तो."

"म्हणजे हिचं पोर दोन वर्षांचं होईल तेव्हा. लक्षात राहील."

मागून लेक म्हणाली, "काय लक्षात राहील, बाबा?"

"तू झोप," हे म्हणाले. पुढे सिग्नल लाल झाला आणि आम्हा दोघांचे पाय एकदमच दाबले गेले.