चटचट बसेल म्हणालो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावटा सोलणं. कोळवणच्या घराच्या ओटीवर, रविवारी, दिवस कलताना. दोन हजार चार साल असेल. सोलता सोलता बायको थांबायची, छातीवर मूठ दाबायची, परत सोलायची. पंधरा दिवस हेच चाललं होतं.

"अवो, उद्या पौडला डागदरकडं जाऊ का?"

मी चौथी शिकलेला. पिरंगुटला कारखान्यात होतो. विजेच्या मोठ्या स्विचात बसणाऱ्या चिनीमातीच्या बाटल्या तिथं व्हायच्या. आत तांब्याचे दोन तुकडे समोरासमोर, आणि हवा सगळी काढलेली. हवाच नाही तर वीज जाईल कशातून? पण जाते. तांबं कितीही घासा, डोळ्याला न दिसणारी कुसं राहतातच, तिथून ती निसटते. म्हणून नव्या बाटलीवर विजेचा दाब हळूहळू चढवायचा. आत चटचट होते, मीटरचा काटा उडतो, कुसं जळून जातात. मग तीच बाटली कितीतरी जास्त दाब सोसते. हे मला लई आवडायचं. घरी सारखं तेच सांगायचो.

"कशाला डागदर? आमच्या बाटल्या बी पैल्यांदा चटचटत्यात. बसंल आपोआप."

"म्या काय बाटली हाय व्हय?" ती हसली. "आन् तुमच्या तोंडाची चटचट चाळीस वर्सं सोसली. आता पक्कीच झाले आसंन."

सोमवारी मी कामावर असताना चुलीपुढंच गेली. संध्याकाळी तिला जाळून आलो.

साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं, चटचट कमी होत गेली तरच बाटली सुधारतेय. कमी झाली नाही तर दाब उतरवायचा, बाटली बाजूला काढायची. मी तिला निम्मंच सांगितलं. तिची पंधरा दिवसांत जराही कमी झाली नव्हती. मला दिसत होतं.

सावडायला अजून एक दिवस होता. घरात पाहुणे, मला बसवेना. उठावं, दारापर्यंत जावं, परत फिरावं. सकाळची पहिली एसटी धरून, सुतकातच, कारखान्यात गेलो. जाळीमागं एक बाटली लावलेली. काटा उडत होता.

"मामा, तुम्ही? आज?" साहेब म्हणाले. "घरी जा."

"कवापास्नं उडतुया?"

"आत्ताच लावली. राहू द्या, सुधारतेय ती."

खरंच होतं त्यांचं. तरी मी दाबाची चक्री धरली आणि पार शून्यावर आणली.