तारावयनीने मेनू लावला

गोव्यातल्या पार्शात आमच्या वाड्यावर तारा परब राहते. तिला सगळे तारावयनी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठा असलेला मीसुद्धा. आमच्या फाटकासमोर तिचा पोसरो आहे, म्हणजे छोटं किराणा दुकान. बाजूच्या खोक्यात एसटीडीचा फोन. माहेर मोरजीचं. तिथे लहान असताना होड्यांच्या आडोशाला ती मुलींची नाटकं बसवायची. लग्न होऊन इथे आली तेव्हा पार्शाच्या महिला मंडळात आपल्याला काम मिळेल अशी तिची खात्री होती. पण एका आजारपणात तिचा आवाज फाटला तो फाटलाच. चार वाक्यं सलग बोलली की घशातून फक्त वारा येतो. मंडळाने तिला भूमिका कधी दिली नाही. नऊवारीच्या पिना लावणं, चहाची किटली आणणं, विसरलेली काठी नाही तर चष्मा घरी धावत जाऊन घेऊन येणं, ही कामं तिची. नाटकाला सुरुवात झाली की ती विंगेत उभी राहून सगळ्यांचे संवाद ओठातल्या ओठात म्हणायची. मी ते पाहिलेलं आहे.

मग तिच्या घरात कॉम्प्युटर आला. तिचा नवरा मारुती खाणीवर ट्रक चालवतो आणि मी त्याच खाण कंपनीच्या डिचोलीच्या ऑफिसात हिशोब खात्यात आहे. कंपनीने जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा मारुतीने एक उचलला. मासिकांबरोबर फुकट मिळणारी प्रत्येक सीडी त्याने त्यात घातली. कुंडली काढायचा प्रोग्राम, टायपिंग शिकवणारा, गाड्यांच्या शर्यती, चार प्रकारचे गाणी वाजवणारे, इंग्रजी पाककृती, आकाशातले तारे दाखवणारा. "फुकट मिळता तर सोडूचा कित्याक?" हे त्याचं धोरण.

या सगळ्यांची चिन्हं पडद्यावर जमा झाली. पण मारुतीने म्हापशाच्या स्टुडिओत जाऊन आमच्या देवीचा फोटो कॉम्प्युटरवर घालून आणला होता, पूर्ण पडदाभर. दुसऱ्या दिवशी तारावयनीने दिवाबत्ती करताना पाहिलं तर देवीच्या कपाळावर मोटारगाडी आणि नथीवर कचऱ्याची टोपली.

"देवीच्या तोंडार कचऱ्याची बालदी? काढ मेल्या आधी ती," ती म्हणाली.

बालदी काही निघेना, ती मारुतीने ओढून पायाशी खालच्या कोपऱ्यात लपवली. बाकी एकूण एक चिन्ह त्याने प्रोग्रामच्या मेनूत कोंबलं. देवी मोकळी झाली आणि मेनू तुंबला. स्टार्टवर माउसचं बोट ठेवून प्रोग्राम उघडला की नावांचे तीन रकाने सरसर पसरायचे आणि देवी पुन्हा झाकली जायची. त्यातली निम्मी नावं अशी की आत गेलं तर फक्त 'मला वाचा' आणि 'मला काढून टाका' एवढंच.

याच कॉम्प्युटरने तारावयनीला नाटकात जागा मिळवून दिली. डिचोलीच्या महिला नाट्यस्पर्धेसाठी मंडळाने जे नाटक घेतलं होतं त्यात आवाजांना फार महत्त्व होतं. एक बाई बोटीवर गेलेल्या मुलाच्या फोनची वाट बघते, असं ते नाटक. त्यात होडीचं इंजिन हवं, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा हवा, आणि फोनची घंटा तर सतत हवी. तारावयनीने हे सगळे आवाज छोट्या माईकवर स्वतः धरले. होडीसाठी मोरजीला भावाकडे गेली. घंटेसाठी मारुतीला पेडण्याच्या बाजारातून दुकानात फोन करायला लावला आणि "उचलू नको गो, उचलू नको" असं स्वतःलाच सांगत माईक धरून बसली. दिग्दर्शिका सुलोचनाबाय, आमच्या शाळेच्या निवृत्त शिक्षिका, ते आवाज ऐकून म्हणाल्या, "तारे, या नाटकाचो आवाज तूच सांभाळ." त्या दिवशी तारावयनीने दुकान लवकर बंद केलं. का, ते गिऱ्हाइकांना सांगतानाच तिचा आवाज बसला.

घोटाळा झाला तो पहिल्या मोठ्या तालमीत. तालीम परबांच्याच ओसरीवर होती. दुसऱ्या अंकात आईचं काम करणारी अश्विनी, आमची अंगणवाडीची बाई, फोनकडे बघत उभी राहिली. घंटा नाही. तारावयनी तीन रकान्यांत बोट फिरवत होती. शेवटी अश्विनीने कंटाळून रिसीव्हर उचलला, "हॅलो बाळा" म्हणाली, आणि तिच्या कानाला रिसीव्हर असताना घंटा वाजायला लागली.

"तारे," सुलोचनाबाय म्हणाल्या, "फोन म्हापशासून चालत येता काय गो?"

सगळ्या हसल्या. तारावयनीही हसली. पण पुढच्या वेळी घंटेऐवजी गाड्यांची शर्यत सुरू झाली आणि पोदेराच्या भोंग्याऐवजी आकाशातले तारे आले, तेव्हा कुणी हसलं नाही. सुलोचनाबायनी वही मिटली. "हे बघ, रविवारच्या तालमीत असां झालां तर मी डिचोलीच्या किरणाक बोलावतंय. तो कॅसेटी घेऊन येता, वेळेर वाजयता. तू आपली चायचां बघ. वायट वाटून घेऊ नको."

किरण हा डिचोलीतला लाउडस्पीकरवाला. त्याचं नाव निघालं तशी तारावयनी कपबश्या गोळा करायला लागली. सगळ्या गेल्यावर ती आमच्या फाटकाशी आली. "सुधीरबाब, तुम्ही ऑफिसात कागद लावता तसो माझो मेनू लावून दिशात काय? माका परत चायच्या किटलीकडे जावचां नाय."

मला असं काम आवडतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या खिडकीजवळच्या मेजाशी कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसलो. स्टार्टवर उजवं बटण दाबून आत शिरलं की सगळा मेनू कपाटासारखा उघडतो, हे मला ऑफिसात कळलं होतं. ते पाहून तारावयनी पुढे सरकली. नुसतं 'मला वाचा' असलेल्या नावांची आम्ही आधी वाट लावली. एकेक काढताना ती विचारायची, "गेलो तर मूळ प्रोग्राम मरतलो?" मी सांगितलं, "नाही. ही फक्त दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून घर पडत नाही." ते तिला पटलं, आणि मग तिचा हात असा चालला की मलाच आवरावं लागलं. तिसरा रकाना गेला. दुसरा अर्धा झाला. मारुती दारात उभा राहून "माझी शर्यत उडवू नकात हां" म्हणत होता.

उरलेल्यांची मी वर्गवारी केली. लेखन, खेळ, संगीत, ध्वनी, साधने. प्रत्येकाला एक फोल्डर, आणि ज्याचं त्याच्यात. मेनू उघडला तर पाच नावं. देवीचा मुकुटसुद्धा झाकला जात नव्हता. मी खूश झालो.

"आता फोन वाजव," मी म्हणालो.

तिने मेनू उघडला. ध्वनीत गेली, तिथे आवाज मुद्रित करायचा प्रोग्राम, तो उघडून त्यातून फोनची फाइल शोधली. मग नाटकाच्या शेवटी वाजणाऱ्या गाण्यासाठी संगीतात. मग परत ध्वनीत. घंटा वाजली तोवर अश्विनीने दोनदा हॅलो म्हटलं असतं.

तिने माउस सोडला. मग म्हणाली, "सुधीरबाब, माझ्या पोसऱ्यात चाय पावडर खंय आसा?"

"साखरेच्या बाजूला."

"कित्याक? चाय पानांची, साखर उसाची. तुमच्या हिशोबान ती वेगळ्या फळीर जावक होयी."

"दोन्ही एकदम लागतात म्हणून," मी म्हणालो.

"तेच सांगतंय. कोणाच्या घरचां माणूस वारलां तर गिऱ्हाईक कापूर एका फळीर आणि पांढरो कपडो दुसऱ्या फळीर सोधीत बसतलां? एका कामाचां सगळां एका जाग्यार होया."

म्हणजे अंकाप्रमाणे लावायचं. पहिल्या अंकाचं फोल्डर, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, आणि आत आवाज ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने. माझ्या हाताला घाई सुटली. पण लगेच अडलो. "घंटा तिन्ही अंकांत आहे. ती ठेवायची कुठे?" आमच्या हिशोबात एक रक्कम एकाच खात्यात जाते, दोन खात्यांत गेली तर वर्षअखेरीला रडावं लागतं.

"आगपेटी माझ्याकडे बिडीकडेय आसा आणि कापराकडेय आसा," ती सहज म्हणाली.

मी कदेलावरून उठलोच. पाटीच तर आहे. एका घराला तीन पाट्या लावायला कोण अडवतं? आणि पाटी प्रोग्रामचीच कशाला, थेट आवाजाच्या फाइलचीच लावली तर मधला प्रोग्राम उघडायची गरजच नाही. मी घंटेची पाटी केली, तिच्या दोन नकला काढल्या, तीन फोल्डरांत टाकल्या. तारावयनीने दुसऱ्या अंकावर बोट नेलं, पहिल्याच नावावर दाबलं, आणि फोन खणाणला. मारुती दुकानातल्या फोनकडे धावला. तो रिसीव्हर कानाला लावून "हॅलो, कोण?" म्हणत असताना आम्ही दोघं इतके हसलो की तारावयनीचा आवाज रविवारपर्यंत गेला.

रविवारी आवाजाची तिला गरज पडली नाही. तालमीत एकही घंटा चुकली नाही. सुलोचनाबाय एवढंच म्हणाल्या, "किरणाक नको सांगतंय."

स्पर्धेच्या दिवशी मॉनिटर गोधडीत गुंडाळून, मारुतीच्या ट्रकमालकाच्या जीपमध्ये तारावयनीच्या मांडीवर ठेवून आम्ही डिचोलीला निघालो. कोलवाळच्या पुलावर एक धक्का बसला तेव्हा तिने मॉनिटरला जे पोटाशी धरलं ते पार डिचोली येईपर्यंत. आमचं नाटक दुपारचं होतं. पहिला अंक छान झाला. होडीचं इंजिन सुरू झालं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया मान वळवून बघायला लागल्या.

मध्यंतरात वीज गेली.

थोड्या वेळाने आली, पण कॉम्प्युटर सुरू होताना निळा पडदा घेऊन बसला आणि स्वतःची तपासणी करायला लागला. एक पिवळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. आधी कळलं असतं तर मी ऑफिसातून बॅटरीची पेटी आणली असती. सुलोचनाबाय विंगेत आल्या. "पडदो उघडू?" त्यांच्यामागे किरण. दुसऱ्या मंडळासाठी तो हॉलवर आला होताच. "वयनी, माझ्याकडे घंटेची कॅसेट आसा. लावू? फुकट लावतंय."

"थांब मरे," तारावयनी फुसफुसली.

हॉलची तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. अश्विनी रंगमंचावर येऊन टेबल पुसायला लागली. तिला दोनच वाक्यं होती आणि मग फोन. पट्टी संपली, देवी दिसली. अश्विनीचं पहिलं वाक्य झालं. तारावयनीने स्टार्टवर दाबलं, मेनू उघडला, दुसरा अंक, पहिलं नाव. अश्विनीचं दुसरं वाक्य संपलं, तिने फोनकडे मान वळवली, आणि फोन वाजला. तीन रकाने असते तर तो चुकला असता, याबद्दल मला शंका नाही. हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. किरण मागे उभा होता. तो वाकून मेनू बघायला लागला. "हे तुम्ही कसां केलात?" त्याने विचारलं. तिने बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं, कारण पुढे पोदेर यायचा होता.

शेवटी सगळ्या बाया हात धरून रांगेत उभ्या राहिल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. सुलोचनाबाय विंगेकडे वळून हाताने बोलावत होत्या. "तारे, ये गो. ये हय." अश्विनीही हात पुढे करून होती. मी म्हणालो, "वयनी, जा. मी बघतो इथे."

"गाणां चालू आसा," ती म्हणाली. "मधीच तुटलां तर लोक म्हणतले, आवाजार कोण बसलां?"

ती उठली नाही. पडदा पूर्ण मिटेपर्यंत एक हात माउसवर ठेवून, दुसऱ्या हाताने स्पीकरचं बटण हळूहळू कमी करत राहिली. आवाज अगदी शून्यावर आल्यावरच तिने हात काढला, आणि मग पडद्यामागे अंधारात उभ्या असलेल्या त्या बायांच्या रांगेत जाऊन अश्विनीचा हात धरला.