मोठीचं ऑपरेशन आणि माझं बंद तोंड

आमच्या गल्लीत कुणाला एखादी बातमी चार घरी पोहोचवायची असली, की माणूस ती माझ्या कानात सांगतो आणि वर "कुणाला बोलू नका हं वहिनी" असंही म्हणतो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्याची मला फारशी लाजही वाटत नाही. त्यामुळे मी एक गोष्ट तब्बल अठरा दिवस कुणालाच सांगितली नाही, अगदी आमच्या ह्यांनासुद्धा नाही, हे ऐकून लोक हसतात. जिने ती मला सांगितली होती ती मात्र हसली नाही. ती माझ्यावर भडकली.

ती म्हणजे मोठी. आमच्या शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातल्या दोघी बहिणींपैकी थोरली. वय अठ्ठेचाळीस. धाकटी तिच्याहून चार वर्षांनी लहान. खाली दुकान, वर दोन खोल्या. दोघींनीही लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर मोठी धाकटीकडे बोट दाखवते आणि धाकटी मोठीकडे.

दोघी अंगाने भरपूर. आणि एकाच मापाच्या, अगदी इंचाइंचाने. दुकानाच्या दारातून एकदम बाहेर पडता येत नाही म्हणून "आधी तू," "नाही, आधी तू" असं चालतं, आणि नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, काय हे वळण! हा विनोद माझा नाही, त्यांचाच आहे. स्वतःवरचे सगळे विनोद त्या स्वतःच करून टाकतात, दुसऱ्याला काही शिल्लक ठेवत नाहीत.

मोठ्या अंगाच्या बायकांचे कपडे ही त्यांची खासियत. बाजारात मिळणारे कपड्यांचे पुतळे सगळे मुठीएवढ्या कमरेचे, म्हणून त्यांनी पुतळा कधी घेतलाच नाही. धाकटी कापड बेतते, कच्चा टाका घालते, मोठी ते अंगात घालून आरशासमोर उभी राहते आणि धाकटी तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरते. दोन-दोन बस बदलून बायका इथे येतात, कारण इथे कुणी "तुमच्या मापात नाही" असं म्हणत नाही. दाराजवळ एक स्टूल आहे, ते माझं. मी काही शिवत नाही, पण माझ्याशिवाय त्या दुकानाचं पान हलत नाही अशी माझी समजूत आहे.

तर एका मंगळवारी दुपारी धाकटी बटणं आणायला गेली होती. मोठी माझ्या बाहीला टाचणी लावत होती. लावता लावता म्हणाली, "वहिनी, मी पोटाचं ऑपरेशन करून घेतेय."

"अगं बाई! काय झालं? खडे?"

"खडे नाहीत. पोटच लहान करायचं. वजनासाठी. एकवीस तारखेला. पैसे भरून झाले, तपासण्या झाल्या."

मी हात खाली घेतला आणि टाचणी बोचली. "धाकटी काय म्हणाली?"

"तिला सांगितलं नाहीये," ती म्हणाली. मग माझ्याकडे टक लावून बघत एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्ही. कुणाला. बोलू. नका."

त्या नजरेने मी विरघळले. मला वाटलं, एवढ्या गल्लीतून हिने मला निवडलं! आजवर माझ्यावर कुणी असा विश्वास टाकला नव्हता, आणि तो का टाकला नव्हता हेही मला माहीत होतं. मी मनातल्या मनात तोंडाला कुलूप घातलं.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. औषधाच्या दुकानदाराने नुसतं "काय विशेष?" विचारलं तर मी औषध न घेताच घरी आले. आमचे हे म्हणाले, "तुला बरं नाही का? आज जेवताना बोलली नाहीस." रोज सकाळी मोठी मला विचारायची, "काय वहिनी, गल्ली काय म्हणतेय?" मी छाती फुगवून सांगायचे, "काही नाही! एकदम शांत!" आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा पडायचा. तो का पडतो हे मला कळत नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस फक्त पातळ घ्यायचं असतं. मोठीने धाकटीला सांगितलं, "पोट बिघडलंय." धाकटी बिचारी दिवसातून तीनदा सूप करून गाळून देऊ लागली. आठवडा झाला तरी पोट सुधरेना, तेव्हा ती रडकुंडीला आली. "ताई, डॉक्टरकडे चल. अगं, तुझं तोंड बघ केवढंसं झालंय." मोठी नुसती सुईत दोरा ओवत बसली. चार वेळा चुकला.

ऑपरेशनला चार दिवस उरले तेव्हा धाकटी वर गेलेली बघून मोठीने मला दंडाला धरलं आणि कपडे घालून बघायच्या पडद्यामागे ओढलं. त्या जागेत ती एकटीच कशीबशी मावते. मी भिंतीला चिकटले.

"वहिनी, तुम्ही अजून सांगितलं का नाहीत?"

"कुणाला?"

"धाकटीला! दुसऱ्या कुणाला?"

"अगं, तूच म्हणालीस ना, बोलू नका!"

"ते म्हणायचं असतं! सगळे म्हणतात! तुम्ही काय नव्याने आलात का इथे?" तिने कपाळावर हात मारला. "मला वाटलं, तुम्हाला सांगितलं म्हणजे परवापर्यंत तिच्या कानावर जाईल. ती चिडेल, आदळआपट करेल, आणि मला नुसतं हो म्हणायचं राहील. आणि तुम्ही? आख्ख्या आयुष्यात आत्ताच शहाणपण सुचलं?"

माझा असा अपमान कुणी केला नव्हता. म्हणजे, उलट्या बाजूने केला नव्हता. पण ती पडद्याची कड मुठीत चुरगळत होती, म्हणून मी माझा अपमान बाजूला ठेवला.

"तिला कसली घाबरतेस गं? तुझ्या जिवावर उठणार आहे का ती?"

"वहिनी, शाळेत आम्हाला दोघींना मिळून एकच नाव होतं, चिडवायचं. कुणी हसलं की आम्ही आधी एकमेकींकडे बघायचो, मग त्यांच्याहून मोठ्याने हसायचो. एकटीला ते जमलं नसतं. आता मी बारीक होणार आणि ती तिथेच राहणार, एकटी. हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

पडदा म्हणजे काही भिंत नसते. तो बाजूला झाला. समोर धाकटी, हातात सुपाची वाटी. वाटी तिने शांतपणे बेतायच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता ऑपरेशनचं विचारेल. तिने माझ्याकडे बोट केलं.

"हिला आधी सांगितलंस?"

"अगं, ऐक तरी..."

"हिला? ताई, हिला?"

आणि ती वर निघून गेली. एरवी मला अहो-जाहो करणारी धाकटी मला दोनदा 'हिला' म्हणाली, यावरून घाव किती खोल होता ते बघा.

पुढचे दोन दिवस त्या समोरासमोरच्या मशीनवर बसून काम करत होत्या आणि मध्ये स्टुलावर मी. "वहिनी, तिला विचारा, किती तास लागतात." मी मान वळवून विचारायचे. "सांगा, दोनेक." मी सांगायचे. "विचारा, पोट फाडतात का." "सांगा, नाही, लहान भोकं पाडतात." दोघींमध्ये अंतर चार हात. दोघींना दोघींचं सगळं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी म्हणाली, "विचारा, मरतात का त्यात." तेव्हा मात्र मी उठले.

"हे मी नाही विचारणार. एक गोष्ट अठरा दिवस पोटात ठेवून माझं वाटोळं झालंय. तुमचं तुम्ही बोला."

दोन्ही मशीनं थांबली. मी जायला हवं होतं. नाही गेले. खोटं कशाला बोलू?

"क्वचित," मोठी म्हणाली. "पण न करता जास्त मरतात. साखर वाढलीय माझी. गुडघे तर तू बघतेस. आणि डॉक्टर म्हणाले, झोपेत माझा श्वास थांबतो. मला तर पत्ताच नव्हता."

"मला होता," धाकटी म्हणाली.

"काय?"

"थांबतो ते. दोन वर्षं झाली. मी आधी मोजते. वीसपर्यंत गेलं की तुला कोपराने ढोसते. तू कूस बदलतेस, मग मी झोपते."

मोठीने हातातलं कापड खाली ठेवलं. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"घाबरली असतीस."

"म्हणजे तूसुद्धा..."

"हो. पण मी वहिनींनाही नाही सांगितलं!"

हसू आधी कुणाला फुटलं ते मला आठवत नाही. हसता हसता मोठी रडायला लागली. धाकटी उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिचं डोकं स्वतःच्या पोटाशी घट्ट धरलं.

"मी तुला सोडून कुठे चालले नाहीये गं," मोठी त्या पोटातूनच बोलली.

"माहितीये. फक्त मला 'तूही कर' म्हणून मागे लागू नकोस. मी अशीच बरी आहे."

"मी म्हटलं का?"

"म्हणशील. बारीक माणसं म्हणतात."

वीस तारखेला संध्याकाळी दारावर कागद लावायचा होता. धाकटीने जाड पेन घेतलं. 'दुकान बारा दिवस बंद' एवढं लिहून थांबली. "कारण काय लिहू?"

"घरगुती," मोठी म्हणाली. मग जरा थांबून, "आपल्याकडे येणाऱ्या बायकांना वाईट वाटेल गं. त्यांना वाटेल, हिलासुद्धा आपल्यासारखं राहायचं नव्हतं."

"ज्या विचारतील त्यांना तू सांग. समोर बसवून, साखर, श्वास, सगळं. ज्या विचारणार नाहीत त्यांना कशाला?" धाकटीने माझ्याकडे बघितलं. "आणि वहिनी, तुम्ही एवढंच सांगा, की आल्यावर तिलाच विचारा. जमेल?"

"प्रयत्न करते," मी म्हणाले. याहून जास्त वचन मी आजवर कुणाला दिलेलं नाही.

तिने खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. 'मोठी ऑपरेशनसाठी दवाखान्यात. धाकटी तिच्याजवळ.'

मोठीने कागद हातातून घेतला आणि स्वतः दारावर लावला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. कागद घट्ट बसला होता, तरी शेवटच्या ओळीवरून ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली.