मंडईपर्यंत

वडशाच्या अलीकडे एक गाव आहे. आता त्याला नगरपंचायत झाली म्हणून शहर म्हणायचं, पण गाई अजून बसस्टँडवरच बसतात. तिथल्या ढिवर मोहल्ल्यात केवळराम राहतो. वय सत्तरीकडं झुकलेलं, खांद्यावर दुपट्टा, काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत कागद. गावात कुणाला रस्ता खोदायचा असला की ठेकेदार आधी केवळरामचं घर विचारतो.

हल्ली जमिनीतून इंटरनेटची तार टाकतात, फायबर म्हणतात तिला. तारेसाठी रस्ता चिरायचा, तर नगरपंचायतीची खोदकामाची परवानगी पाहिजे. खाली नळाचा पाइप असला तर पाणीवाल्यांची हरकत नाही म्हणून चिठ्ठी. विजेच्या खांबाजवळून जायचं तर त्यांची वेगळी. साहेब मीटिंगला गेले तर उद्या या, उद्या गेलं तर बाबू रजेवर. केवळराम बाकावर बसून वाट पाहतो आणि सही झाली की कागद पिशवीत घालून उठतो.

पण ही परवानगी त्याच्या लेखी अर्धीच. उरलेली अर्धी लोकांच्या दारात असते.

हे तो नाटकांपायी शिकला. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घर भरतं, रात्रभर नाटक. तो तरुण होता तेव्हा मोहल्ल्याचा मंडप गल्लीच्या तोंडाशीच पडायचा. खांब रोवायला खड्डे पाहिजेत, आणि खड्डा कुणाच्या ना कुणाच्या अंगणातच यायचा. मंडळाची मोठी माणसं पोलीस ठाण्याचा परवाना आणायला जायची, दारं तेवढी केवळरामच्या वाट्याला यायची. तो चप्पल काढून उभा राहायचा आणि म्हणायचा, "वयनी, मंडईपर्यंत दोन खड्डे घेतो जी. नाटक झाल्याच्या सकाळी बुजवून देतो."

आणि खरंच द्यायचा. रात्रभराचं जागरण, डोळे लाल, पण फावडं घेऊन हजर. मागून त्याची बायको कुंता शेणाची बादली घेऊन यायची आणि बुजवलेल्या जागी सारवायची.

"खड्डे तुमी घेता, शेन मी काऊन कालवू?" ती विचारायची.

"नाटकात राजा वेगळा अन् राणी वेगळी असते का?"

"राणीच्या हाताले शेनाचा वास येत नाई जी."

अशी दोघं गल्लीभर भांडत भांडत सारवायची. बायका दारात उभ्या राहून ऐकायच्या. रात्री नाटक कोणतं झालं हे कुणी विसरलं असेल, सकाळचं हे कुणी विसरलं नाही. कुंता जाऊन आता काही वर्षं झाली. गल्लीला सिमेंटचा रस्ता झाला, सारवायला अंगणंही उरली नाहीत.

यंदा दसऱ्यानंतर फायबरचं काम आलं. सुपरवायझर चिन्मय पुण्याकडचा, गुणी मुलगा, केवळरामला काका म्हणायचा. कचेरीचे कागद झाले. मोहल्ल्यातली दारंही झाली, राहिलं एकच, कलाबाईचं. तिची रीता लग्नाची, आणि मंडईच्या दिवशी चामोर्शीकडचे पाव्हणे तिला पाहायला येणार होते.

"रोड खोदला तं पाव्हण्याईची गाडी दारात कशी लागन?" कलाबाई म्हणाली.

"मंडईपर्यंत सारा बुजून जाते, बाई."

"कंपनीले मी ओळखत नाई. तू म्हनतं म्हनून हाव, खोदा. पोरीच्या दारात नाली दिसली तं पुन्हा माया दारात येजो नको."

केवळरामनं लगेच चिन्मयला फोन लावला. "साहेब, मोहल्ला तयार झाला. काम मंडईपर्यंत पायजे बरं."

"मंडईपर्यंत? नक्की ना काका?"

"नक्की जी. त्याच्या पुढं नाई."

पोरानं परत विचारून घेतलं याचंच केवळरामला समाधान वाटलं. मग तो लेकीला, जयाला, मंडईसाठी आणायला तिच्या सासरी गेला. तिथं धानाची कापणी चालू होती, जावयानं ठेवून घेतलं. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी बापलेक परतले.

मोहल्ल्याच्या तोंडाशी जया थांबली. "बाबा, हे काय होय?"

गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी होती. नालीत काळा पाइप आणि दारादारांत मातीचे ढीग. नाली गल्लीतून निघून देवळावरून पुढं थेट गुजरीकडं गेलेली. केवळराम तिच्या काठाकाठानं चालत गेला. गुजरीत भाजीवाल्यांच्या पालांशी मशीन उभी होती आणि शेजारी चिन्मय, घामानं भिजलेला, पण खूश.

"बघा काका, सांगितल्याप्रमाणे मंडईपर्यंत आणलं."

केवळरामनं वांगी पाहिली, वालाच्या शेंगा पाहिल्या. "हे गुजरी होय, साहेब."

"तेच हो. भाजी मंडई."

"मंडई तं उद्या हाय."

"मग आज हे काय आहे?"

पालातून बुधू भाजीवाला म्हणाला, "आज गुजरी, उद्या मंडई. पुन्याले असं नसते का?"

चिन्मय गोंधळला. "मी विचारलं होतं लोकांना, मंडई किती लांब आहे म्हणून. सगळे म्हणाले, अजून चार दिवस आहे. मला वाटलं चेष्टा करतायत. मग मोबाईलच्या नकाशात भाजी मंडई शोधली."

भाजीवाले पोट धरून हसले. केवळराम हसला नाही. गुजरीकडचा रस्ताही परवानगीत होताच, फक्त तो मंडईनंतर खोदायचा होता. बुजवायचं मात्र काहीच झालं नव्हतं.

"गल्लीतली नाली आज बुजवा, साहेब. मले तेवढंच पायजे."

"आता मातीच्या ढिगांमुळे मशीन गल्लीत शिरत नाही, काका. आणि मजूर सकाळीच आपापल्या गावी गेले. म्हणाले, मंडई आहे. मला वाटलं बाजाराला निघाले."

केवळराम माघारी फिरला. पोराला बोल कसा लावायचा? शब्द तर त्यानं स्वतःच दिला होता, आणि तो शब्द आपल्या मोहल्ल्याबाहेर दुसराच अर्थ घेऊन हिंडतो हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. कलाबाईच्या दारापुढं त्यानं चप्पल काढली.

"बाई, मी सांगितलं एक आणि झालं एक. माया शब्द गेला."

कलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, नालीकडं पाहिलं, आणि आत गेली. दार लावून घेते की काय असं केवळरामला वाटलं. ती फावडं घेऊन बाहेर आली.

"उभा काय राह्यला? शब्दानं बुजते का नाली?"

मग माहेरी आलेल्या साऱ्या पोरी निघाल्या. जया निघाली. चिन्मयनं पाइप नीट बसवून दिला, मग बाह्या वर करून घमेलं धरलं. रीताही फावडं घेऊन उतरली तशी आई ओरडली, "तू नको बाई, हात सोलले तं पाव्हणे पाहतीन."

"पाहू दे. पोरगी कामाची हाय म्हनतीन."

"कामाची म्हनून नेतीन अन् कामालेच लावतीन," जया म्हणाली. सासरचं तिला ठाऊक होतं.

दिवस बुडायच्या आत गल्ली बुजली. माती दाबता दाबता केवळरामनं सवयीनं मागं वळून पाहिलं. बादली घेऊन कुणी उभं नव्हतं.

"पाव्हणे येतीन तं रस्ता हाय," कलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पन तुया शब्दानं नाई हो, आमच्या फावड्यानं."

"हाव बाई."

मंडई झाली, पाव्हणे येऊन गेले. थंडी वाढली तसं पलीकडच्या मोहल्ल्याचं काम निघालं. केवळराम कागद घेऊन गेला, पण दारं पहिल्यासारखी पटकन उघडेनात. गोष्ट त्याच्याआधीच तिथं पोचली होती. म्हातारी चंदाबाई उंबऱ्यात बसली होती.

"मागच्या टायमाले बायांनी बुजवलं म्हनते."

"खरं हाय, बाई."

"मंग आता कवापर्यंत?"

केवळरामच्या तोंडात जुनंच काहीतरी येत होतं. ते त्यानं गिळलं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणाच्या दारात उभं राहून तारीख सांगितली. "वीस जानेवारीपर्यंत."

चंदाबाईनं बोटांवर काही मोजलं, सोडून दिलं. "मले तारीख नको सांगू. मार्कंड्याच्या जत्रेआधी का मागून?"

"आधी, बाई. बरंच आधी."

"अन् तू गावाले तं नाई जात?"

"नाई. बुजेपर्यंत इथीच राहीन."

चंदाबाई उंबऱ्यातून उठली. खोदायच्या जागेवर उन्हात टाकलेली खाट ओढून तिनं दारात घेतली.