शेपटीखालचा अंगठा

पेडण्याहून म्हापशाला जाताना कातळाच्या उघड्या सड्यावर एक बाई माणसाएवढं विमान घेऊन बसलेली दिसली, आणि मी मोटारसायकल थांबवली. रिमोटवर कोलांट्या मारणारं विमान होतं. बाई पन्नाशीची असावी. केसांत अबोली, ओठांत स्क्रू.

"भाऊ, जरा शेपटी धरशात? एका बोटार. दाबू नकात."

विमानाच्या नाकाखाली तिचं बोट, शेपटीखाली माझं. डावा पंख कलला. तिने उजव्या पंखाच्या टोकाला मासे धरायच्या जाळ्याची शिशाची गोळी चिकटवली. तरी कललाच. आणखी एक.

"सरळ उडताना खोड कळत नाय," ती म्हणाली. "उलटा केला, की विमान खरा बोलता."

पुन्हा कलू लागलं तेव्हा मी हळूच अंगठा लावून सावरलं. तिला बरं वाटावं, एवढंच. घरीही मी वर्षानुवर्षं हेच केलंय: काही वाकडं दिसलं की गुपचूप अंगठा.

"जमला!" ती खुलली आणि इंजिन सुरू करायला वाकली.

तसंच उडवलं असतं, तर कातळाजवळ उलटं होताना ते आपटलं असतं. "ताई, थांबा. मी अंगठा लावला होता, तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

ती इंजिनावरून उठली. "माका बरा वाटूक विमान पाडतलात?" मग हसली. "आता सैल धरा."

आणखी अर्धी गोळी लागली. विमान वर गेलं, पाठीवर झालं, आणि तिने दोन्ही अंगठे रिमोटच्या काड्यांवरून उचलून मला दाखवले. पोट आभाळाकडे करून ते सरळ चाललं होतं.

खाली पाहिलं, तर माझेही दोन्ही अंगठे वर होते.